रायझन ५ २६०० वर आरटीएक्स ४०६०: आठ महिन्यांनंतर

प्रोसेसर (रायझन) २०१८चा, ग्राफिक्स कार्ड (आरटीएक्स) २०२३चं. घेताना मित्रांनी बजावलं होतं, "प्रोसेसर कार्डाला अडवेल." अडवतो, पण सगळीकडे नाही. आणि जिथे अडवतो तिथे नुसते सरासरी एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम दिसतात ते) बघून ते कळत नाही.

सायबरपंक २०७७ मध्ये शहराबाहेर माळरानावर गाडी पळवताना कार्ड ९७-९८ टक्क्यांवर असतं. तीच गाडी बाजाराच्या गर्दीत शिरली की कार्डाचा वापर साठ-सत्तरवर येतो आणि गेम हिसके देतो. टास्क मॅनेजर तेव्हाही प्रोसेसर ५५-६० टक्केच दाखवतो, म्हणून पहिला महिना मी कार्डालाच दोष देत होतो. पण तो आकडा बारा थ्रेडची (प्रोसेसर एकाच वेळी चालवतो त्या कामांच्या धाग्यांची) सरासरी आहे. गेमचा मुख्य थ्रेड प्रोसेसरच्या सहापैकी एका कोअरवर पिळून निघत असतो आणि बाकीचे त्याच्यासाठी खोळंबतात. आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक कोअरचा वापर वेगळा बघितला तेव्हा उलगडा झाला.

तुमच्याकडे तपासायचं असेल तर रिझोल्यूशन १०८०पी वरून ७२०पी करा. एफपीएस जागचे हलले नाहीत तर अडचण प्रोसेसरची. डीएलएसएस (कमी रिझोल्यूशनवर चित्र बनवून ते मोठं करणारं तंत्र) लावूनही मला गर्दीत काही मिळालं नाही ते यामुळेच: त्याने कार्डाचं ओझं उतरतं, प्रोसेसरचं नाही. क्राउड डेन्सिटी (गर्दीत किती माणसं दिसावीत ती सेटिंग) खाली आणल्यावर मात्र खरा आराम पडला.

सगळ्यात मोठा फरक फुकटात मिळाला. माझी रॅम ३२०० वेगाची, पण बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग, बंद, त्यामुळे इतकी वर्षं ती २१३३वरच चालत होती! या रायझनमध्ये सहा कोअर तीन-तीनच्या दोन गटांत आहेत आणि गटांमधली देवाणघेवाण रॅमच्या वेगाला बांधलेली आहे. एक्सएमपी चालू केल्यावर ३२००वर मशीन अधूनमधून बंद पडायचं, २९३३वर महिनोन्महिने बिनतक्रार चाललंय. हिसके पूर्ण गेले नाहीत, पण गर्दीतून गाडी नेताना चीड येत नाही.

ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये सायकल्स इंजिनचं रेंडर (अंतिम चित्र बनवण्याचं काम) कार्डावर टाकतो, तिथे जुना प्रोसेसर जाणवतही नाही. सीन तयार व्हायला थोडा वेळ जातो, तेवढंच. पाचव्या महिन्यात १४४०पी मॉनिटर घेतला, कार्डाचं काम वाढलं आणि बहुतेक गेममध्ये कार्ड पुन्हा भरून चालायला लागलं.

काउंटर-स्ट्राइक २ ला यातला एकही उपाय लागू पडला नाही. स्मोक आणि गोळीबार एकदम सुरू झाला की फ्रेम कोसळतात, आणि नेमकं तेव्हाच निशाणा धरायचा असतो. तुम्ही मुख्यतः असेच गेम खेळत असाल तर कार्डाआधी प्रोसेसर बदला. बी४५० मदरबोर्ड तोच ठेवून रायझन ५ ५६०० बसतो. त्यात ३२ एमबी एल३ कॅश (प्रोसेसरमधलीच जलद मेमरी) सहाही कोअर मिळून वापरतात. २६००मध्ये प्रत्येक गटाला ८ एमबीच.

मी पुढच्या महिन्यात तोच घेतोय. बायोस आत्ताच अपडेट करून ठेवलाय, कारण जुन्या बायोसवर ५६०० लावला तर स्क्रीनच येत नाही.