पाइन तेल की एमआयबीसी? फ्लोटेशन सेलसाठी फ्रॉदर निवडताना

फ्लोटेशनची, म्हणजे दळलेल्या धातुकातलं खनिज हवेच्या बुडबुड्यांवर तरंगवून वेगळं काढण्याची, चाचणी घेताना पीएच, दळण, हवा, झँथेट (खनिजाला बुडबुड्याला चिकटवणारं कलेक्टर रसायन) या सगळ्यांची आपण काटेकोर नोंद ठेवतो. फ्रॉदर, म्हणजे फेस आणणारं द्रव्य, मात्र हाताशी असेल तो घेतला जातो, आणि माझ्या मते निकालातली बरीचशी ओढाताण तिथेच सुरू होते. सातपूरच्या आमच्या छोट्या प्रयोगशाळेत शिसे-जस्ताच्या धातुकावर मी पाइन तेल आणि एमआयबीसी (मिथाइल आयसोब्युटिल कार्बिनॉल, एक अल्कोहोल) दोन्ही भरपूर वापरली आहेत. नवा सेल मांडणाऱ्यांसाठी हे लिहितो आहे.

पाइन तेलाची बाजू आधी, कारण ती लंगडी नाही. त्याचा फेस दाट, बारीक बुडबुड्यांचा असतो. दळण थोडं जाड राहिलं तरी तो कण धरून ठेवतो, आणि थर चांगला उभा राहत असल्याने नवशिक्याला स्क्रेपर ओढायला सोपं जातं. साठवायलाही ते निर्धास्त. एमआयबीसीचा फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेट घेते) 41 अंशांच्या आसपास, आणि एप्रिल-मेमध्ये नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो. ती बाटली थंड, हवेशीर जागीच हवी. पीएचच्या बाबतीत दोघांत निवडण्यासारखं फारसं नाही. क्रेसिलिक आम्ल या फ्रॉदरची ताकद पीएच 10 च्या पुढे ढासळते, तशी यांची ढासळत नाही.

माझा कौल फिरला तो ट्रेमध्ये. पाइन तेलाचा फेस मोडतच नाही. कॉन्सन्ट्रेट, म्हणजे फेसावर आलेलं खनिज, खरवडून ट्रेमध्ये घेतलं, तासाभराने पाहिलं तरी साय धरल्यासारखा थर तसाच. वरचं पाणी ओतायला जावं तर बारीक गॅलेना (शिशाचं खनिज) फेसाबरोबर निघून जातं. फिल्टर कागदावर घेतलं तर फेस कडेने वर चढतो. स्पिरिटचा फवारा मारला की थोडा बसतो, पण तेच भांडं पुढच्या चाचणीला वापरायचं असतं. शेवटी फीडमधलं (सेलमध्ये घातलेल्या मालातलं) शिसं आणि कॉन्सन्ट्रेट व टेलिंग (मागे उरलेला माल) यांतल्या शिशाची बेरीज जुळत नाही, आणि तफावत दळणाची, पीएचची की ट्रेमधून वाहून गेलेल्या कणांची, हे कळायला मार्ग राहत नाही. ज्या अटी तपासायला बसलो, त्यांचाच परिणाम त्या फेसात हरवतो. एमआयबीसीचा फेस ठिसूळ. ट्रेमध्ये पडला की बसायला लागतो.

क्लीनरला, म्हणजे रफर या पहिल्या टप्प्याचं कॉन्सन्ट्रेट पुन्हा तरंगवून शुद्ध करण्याच्या टप्प्याला, हा फरक आणखी जाणवतो. रफरचं कॉन्सन्ट्रेट पुन्हा सेलमध्ये घेतलं की पाइन तेल त्याच्याबरोबर येतं आणि नवीन थेंब न घालताही फेस उसळतो. एमआयबीसी तितकं रेंगाळत नाही, म्हणून दर टप्प्यावर पुन्हा घालावं लागतं. काहींना तो व्याप वाटेल. मला तो ताबा वाटतो.

मात्रा मोजण्यातही तेच. एक किलो नमुन्याला टनामागे 20 ग्रॅम म्हणजे फक्त 20 मिलिग्रॅम, जेमतेम एक थेंब. एमआयबीसीचं 1 टक्का द्रावण पाण्यात सरळ होतं. 2 मिलिलिटर पिपेटने सोडलं की झालं. पाइन तेल पाण्यात इतकं विरघळत नाही. डिसेंबरच्या सकाळी टाकीचं पाणी गार असतं तेव्हा तर त्याचे थेंब पल्पवर (धातुक आणि पाण्याच्या मिश्रणावर) नुसते तरंगतात; कंडिशनिंगला, म्हणजे हवा सोडण्याआधी ढवळायला, जास्त वेळ द्यावा लागतो.

धातुकात ग्रॅफाइट असेल, राजस्थानातल्या रामपुरा आगुचाच्या धातुकात असतं तसं, तर पाइन तेल अधिकच जपून वापरा. त्याला थोडा कलेक्टरचा गुण आहे. ग्रॅफाइट आणि टाल्क आपसूक तरंगणारे, त्यांना ते आणखी हात देतं. उलट तुमचं दळण मुद्दाम जाड ठेवायचं असेल आणि एमआयबीसीच्या फेसातून कण गळत असतील, तर पाइन तेलाला माझी ना नाही.

तरी शंका असेल तर दळण, पीएच, हवा, फेऱ्यांचा वेग सारखं ठेवून फक्त फ्रॉदर बदला, आणि वाळवण्याआधी ट्रे ओला असतानाही तोला. फेसाबरोबर जितकं पाणी जास्त येतं तितका खडकाचा बारीक चुरा जास्त येतो. शिशाची रिकव्हरी सारखीच आली, तर ज्या ट्रेत पाणी कमी तो फ्रॉदर घ्या. आमच्याकडे ती ट्रे बहुतेक वेळा एमआयबीसीची असते.