सगळं रविवारीच उरकलं, तिथंच फसलो

नोकरी सांभाळून जागेच्या धंद्यात उतरायचं, हे माझ्या डोक्यात कोल्हापूरच्या २०२१ च्या महापुरानंतर बसलं. २०१९ ला पाणी आलं, दोन वर्षांत परत आलं. आता लोक पाचगाव, कंदलगावकडच्या उंच माळावर जागा बघणार, हा माझा हिशेब होता आणि तो चुकीचा नव्हता. दोन गुंठे घ्यायचे, तीन-चार वर्षं थांबायचं, विकून पुढची जागा धरायची.

मी गोकुळ शिरगाव एमआयडीसीत कामाला. पाळी बदलती, रजा मागितली की सुपरवायझरचं तोंड वाकडं. एजंट आमच्या खात्यातल्याच एकाच्या पाहुण्यातला, त्याला हे सगळं ठाऊक होतं. म्हणाला, "साहेब, तुमी कशाला पगार बुडवताय? रविवारी या, बाकीचं मी बघतो की." मला तो देवमाणूस वाटला. जागा रविवारी बघितली, टेप धरून मोजली रविवारी, विसार, म्हणजे सौद्याची आगाऊ रक्कम, रविवारी दिला. तलाठी कार्यालय, दुय्यम निबंधक कार्यालय रविवारी बंद असतं, आणि त्याला तेच हवं होतं, हे तेव्हा माझ्या ध्यानातच आलं नाही.

सातबारा मागितला तर व्हॉट्सअॅपवर फोटो आला. मालकाचं नाव बघितलं आणि समाधान मानलं. खालची तारीख फोटोत कापलेली होती, तिकडं लक्षच गेलं नाही.

खरेदीपत्राचं विचारलं तर म्हणाला, गुंठ्याची नोंदणी सध्या अडकलीय, सुटली की नावावर करून देतो, तोवर नोटरी करू. हे अर्धं खरं होतं, म्हणूनच मला पटलं. १२ जुलै २०२१ च्या परिपत्रकापासून लेआउट (प्लॉट पाडल्याचा नकाशा) मंजूर नसलेल्या तुकड्यांचे दस्त खरंच अडले होते. पण नोंदणी होत नाही म्हणजे ती जागा आत्ता घ्यायचीच नाही, हा सरळ अर्थ मी काढायला हवा होता. नोटरीच्या कागदानं जमीन नावावर होत नाही.

पगारदार सोसायटीचं कर्ज काढलं, मंडळींचं गंठण गहाण ठेवलं. एकूण साडेचार लाख, त्यातले तीन लाख रोख. जागेच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला २०१५ पासून कायद्यानं बंदी आहे. समोरचा रोखच पाहिजे म्हणून अडून बसला, की तिथूनच उठा.

पाच-सहा महिन्यांनी एका मंगळवारी रजा टाकून तलाठ्याकडं गेलो. त्यांनी काढून दिलेल्या उताऱ्यावर जागेच्या मालकाच्या नावाला कंस होता, शेजारी फेरफार, म्हणजे हक्क बदलल्याच्या नोंदीचा क्रमांक. कंस पडला म्हणजे त्या माणसाचा हक्क गेला. मला विसार पावती देण्याच्या आधीच त्यानं आपला अख्खा हिस्सा शेजारच्या शेतकऱ्याला नोंदणीकृत खरेदीपत्रानं विकला होता. राहिलेल्या नावांत त्याच्या दोन बहिणी, त्यांना माझा पत्ताच नव्हता. आणि इतर हक्काच्या रकान्यात विकास सोसायटीचा बोजा, म्हणजे जमिनीवरचं कर्ज. मी तिथल्याच बाकावर बसून राहिलो, घरी फोन करायचा धीर होईना.

डिजिटल सहीचा उतारा महाभूमीच्या संकेतस्थळावर १५ रुपयांत मिळतो, रविवारी रात्रीसुद्धा. तो स्वतः काढा, एजंटाचा फोटो चालवून घेऊ नका. नावाला कंस आहे का, वर्ग दोनची, म्हणजे सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन आहे का, इतर हक्कात काय लिहिलंय, हे बघा. फेरफार वाचा. अकृषिक (एनए) आदेश आणि मंजूर लेआउट हातात घ्या. ओळखीच्या वकिलाकडून जागेच्या मागच्या तीस वर्षांच्या कागदपत्रांचा शोध घ्या, पण तो वकील एजंटानं दिलेला नको. आणि दोन दिवस रजा टाका. बिनपगारी पडली तरी टाका.

पोलीस ठाण्यात अर्ज दिलाय. एजंटानं दोनदा मिळून साठ हजार परत केले, आता फोन उचलत नाही. गंठण अजून गहाणच आहे.