पेपर सर्व्हर आणि मुंबईतला व्हीपीएस : सहामाहीच्या वापरानंतर

दिवाळीच्या सुट्टीपासून माइनक्राफ्ट या खेळाच्या जावा आवृत्तीचा सर्व्हर मी पेपर या मोफत सॉफ्टवेअरवर चालवते आहे. मुलुंडला माझा मुलगा, डोंबिवलीचे भाचे आणि त्यांचे शाळेतले मित्र असे खेळाडू. घरच्या इंटरनेटवर सर्व्हर ठेवता आला नसता. केबलवाला प्रत्येकाला वेगळा पब्लिक आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा स्वतःचा पत्ता, देत नाही, अख्खी सोसायटी एकाच पत्त्यामागे, त्यामुळे राउटरमधून बाहेरच्यांना आत वाट देऊन (पोर्ट फॉरवर्ड) उपयोग नाही. म्हणून मुंबईतल्याच डेटा सेंटरमधला व्हीपीएस, म्हणजे मोठ्या सर्व्हरमधला आपल्यापुरता वेगळा वाटा, भाड्याने घेतला. पिंग, म्हणजे संदेश जाऊन परत यायला लागणारा वेळ, झकास मिळतो. पण मला लिहायचंय ते वेगळ्या गोष्टीबद्दल : कुणी मुद्दाम पाडायला बसलं तर हा सर्व्हर किती तग धरतो.

व्हीपीएसच्या जाहिरातीत ‘डीडॉस संरक्षण’ ठळक अक्षरांत होतं. डीडॉस म्हणजे अनेक यंत्रांवरून एकदम मारा करून सर्व्हर पाडणं. कंपनीचं नाव घेत नाही. अटी नीट वाचल्या तर कळतं, की मारा ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की ते आपला आयपीच काही काळ बंद करतात. शेजारची गिऱ्हाइकं वाचतात, आपली पोरं बाहेर. याला संरक्षण म्हणायला माझं मन धजत नाही. मोठे मारे होतात हे खरंच आहे. सप्टेंबर २०१६ मध्ये फ्रान्सच्या ओव्हीएच या होस्टिंग कंपनीवर झालेल्या प्रचंड हल्ल्याचा रोख तिथल्या माइनक्राफ्ट सर्व्हरांवर होता, आणि त्यामागे मिराई बॉटनेट, म्हणजे ताबा मिळवलेल्या यंत्रांची फौज, होतं. पण आमच्यासारख्या छोट्या सर्व्हरला आडवं करायला एवढी फौज लागतच नाही.

माइनक्राफ्टचं जग सेकंदाला २० टिकवर, म्हणजे ठोक्यांवर, चालतं; एका टिकला ५० मिलिसेकंद. जगाचं बहुतेक काम एकच मुख्य थ्रेड, म्हणजे एकामागून एक कामं उरकणारी एकच रांग, करतो. तिकीट खिडकीवर एकाच माणसाने शंभर चौकशा चालवल्या की मागची सगळी रांग खोळंबते, तसंच हे. हल्लेखोराला फक्त असं काम शोधायचं असतं, जे त्याला फुकटात सांगता येईल आणि सर्व्हरला महागात पडेल. २०१५ मध्ये उघड झालेली त्रुटी याचा उत्तम नमुना आहे. वस्तूची माहिती एनबीटी या रचनेत जाते. यादीत यादी, त्यात पुन्हा यादी असं कोंबून ते कॉम्प्रेस करून पाठवलं, की छोटंसं पॅकेट (नेटवर्कवरून जाणारा माहितीचा तुकडा) सर्व्हरवर उलगडताना मेमरी आणि प्रोसेसर दोन्ही खाऊन टाकायचं. १.८.४ मध्ये ती बुजवली गेली.

पेपर मला आवडलं ते इथे. त्यात पॅकेट लिमिटर, म्हणजे पॅकेटांवरची मर्यादा, आधीपासून चालू असतो : सात सेकंदांत सरासरी दर सेकंदाला ५०० पॅकेटांच्या वर गेलं की खेळाडू बाहेर. रेसिपी बुकच्या (खेळात वस्तू बनवायच्या कृतींची वही) पॅकेटला तर त्याहून कितीतरी कडक मर्यादा, कारण त्यातली कृती सारखी दाबत राहिलं की सर्व्हरला बरंच काम पडतं. खेळाडू खेळात लिहितात त्या पुस्तकातल्या मजकुराच्या आकारालाही लगाम आहे. हे सगळं कुणीतरी आधी भोगलंय म्हणून आलेलं आहे, आणि ते आपल्याला फुकट मिळतं.

नाताळात एका संध्याकाळी सगळे जागच्या जागी गोठले. ‘मावशी, सर्व्हर मेला!’ होस्टच्या पॅनलवर नेटवर्कचा आलेख नेहमीसारखाच सपाट, त्यामुळे बाहेरून मारा नव्हता हे लगेच कळलं. पेपरसोबतच येणारा स्पार्क प्रोफायलर (सर्व्हरचा वेळ कुठे जातो ते दाखवणारं साधन) चालवला, तर सगळा वेळ एका चंकमधल्या, म्हणजे जगाच्या एका चौकोनी तुकड्यातल्या, टकरींच्या हिशोबात जात होता. मित्राच्या मित्राने एकाच जागी शेकडो माइनकार्ट (खेळातल्या रुळावरच्या गाड्या) रचून ठेवल्या होत्या. त्या हटवताच टीपीएस (सेकंदाला होणारे टिक) पुन्हा २० वर. नेटवर्कवरचं कुठलंही संरक्षण हे पकडू शकलं नसतं, कारण तो रीतसर आत आलेला खेळाडू होता. व्हाइटलिस्टमध्ये, म्हणजे आत येऊ दिलेल्यांच्या यादीत, आता मी ओळखते तीच मुलं आहेत.

एका संरक्षणाचा मात्र मुंबईत उलटा त्रास होतो. एका आयपीवरून लागोपाठ जोडण्या आल्या तर सर्व्हर थांबायला सांगतो. मुळात ही अट चार सेकंदांची. पण रीस्टार्ट झाला की एकाच सोसायटीतली पाच पोरं एकाच आयपीवरून एकदम आत यायला बघतात आणि अडकतात. बकिट डॉट वायएमएल या सेटिंगच्या फाइलमधलं कनेक्शन थ्रॉटल (हीच ती अट) मी एक सेकंदावर आणलं. पूर्ण बंद करायची माझी तयारी नाही, कारण व्हाइटलिस्ट लागू होते ती लॉगिनच्या टप्प्यावर. त्याआधीच्या नुसत्या जोडण्यांचा पूर तिने अडत नाही.

खेळातल्या टीएनटी या स्फोटकाच्या फुकट नकला काढणारी यंत्रं पेपरमध्ये मुळात बंद असतात. भाचा यावर नाराज आहे. ज्यांचा सगळा खेळ रेडस्टोनवर, म्हणजे खेळातल्या विजेसारख्या यंत्ररचनांवर, उभा आहे, त्यांनी हे आधीच तपासावं. ती सेटिंग उघडता येते, मी उघडलेली नाही.

पेपर मी बदलणार नाही. व्हीपीएस बदलणार, आणि नव्या कंपनीला पैसे भरण्याआधी तीन गोष्टी लेखी मागणार : किती माऱ्यावर आयपी बंद करता, किती वेळ बंद ठेवता, आणि तेवढ्या वेळात कन्सोलवरून मला माझ्या जगाचा बॅकअप काढता येतो का.