दिवे लावून शिकायचं: कंदील की किल्ला?

दिवाळीच्या सुट्टीत मुलांसोबत एलईडीचं काहीतरी करायचंय? पुण्यात दोन पर्याय समोर असतात.

कंदील एका दुपारी होतो. षटकोन आखताना कंपासपेटी आपोआप बाहेर येते, घोटीव कागदाचे रंग निवडताना चित्रकला होते. आत एकच पांढरा एलईडी आणि 3 व्होल्टचा बटण सेल. झालं.

किल्ल्याला चार दिवस आणि भरपूर चिखल लागतो (आईची बोलणी वेगळी). पण राजगड करायचा म्हटलं की पद्मावती, सुवेळा, संजीवनी या तिन्ही माच्या नि बालेकिल्ला कुठे, हे नकाशात शोधावंच लागतं. खरी गंमत दिव्यांची. लाल एलईडीला साधारण 2 व्होल्ट लागतात, म्हणून दोन एकसर, म्हणजे एकापुढे एक, जोडले तर त्या 3 व्होल्टच्या सेलवर पेटत नाहीत. समांतर, म्हणजे प्रत्येक थेट सेलला, जोडले की दोन्ही लागतात. त्यात पांढरा मिसळला तर लालच उजळतो, पांढरा रुसतो. का? इथे पुस्तक उघडलं जातं.

सामान पासोड्या विठोबाच्या देवळाजवळच्या दुकानांत मिळतं. घरात तान्हं असेल तर बटण सेल नको, गिळला तर जिवावर बेतू शकतं. पेन्सिल सेलची बंद डबी घ्या.

पहिलीतल्याला कंदील. पाचवीपुढे मी किल्लाच म्हणेन.