निवृत्त विद्यापीठ कर्मचारी संघटनेचं आजीव सभासदत्व: वर्ष उलटून गेल्यावरचा अनुभव

आजीव सभासदाने वर 'विकास निधी' कशाला भरायचा, हे मला अजून कोणी पटवून दिलेलं नाही. गेल्या आठवड्यात आमच्या निवृत्त प्राध्यापक व शिक्षकेतर कर्मचारी संघटनेचा निरोप आला: सर्वांनी पाचशे रुपये जमा करावेत, आजीव सभासदांसह. एकरकमी दोन हजार घेताना 'आता पुन्हा एक पैसा मागणार नाही' म्हणणारे हेच पदाधिकारी. तेव्हा सभासद होऊन काय मिळालं आणि काय नाही, ते एकदा सांगूनच टाकतो. संघटना कशासाठी असते, फॉर्मला दोन फोटो आणि पीपीओची, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशाची, झेरॉक्स लागते, हे तुम्हाला ठाऊक असणार. त्यात वेळ घालवत नाही.

पहिला मुद्दा पावतीचा.

मी विद्यापीठाच्या वित्त व लेखा विभागात नोकरी काढली, शेवटी सहायक कक्षाधिकारी होतो. पावती फाडल्याशिवाय पैसे घ्यायचे नाहीत, हे अंगात भिनलेलं. एखाद्या पोराने स्थलांतर प्रमाणपत्राचे किरकोळ पैसे भरले तरी त्याच्या हातात पावती आणि आमच्या पुस्तकात तिची स्थळप्रत, म्हणजे कार्यालयाकडे राहणारी नक्कल. इथे मी दोन हजार रुपये यूपीआयने भरले, तेही खजिनदारांच्या खासगी मोबाइल नंबरवर. पावती मागितली तर म्हणाले, "स्क्रीनशॉट ठेवा की, तीच पावती." अहो, स्क्रीनशॉट म्हणजे पावती कशी होईल? त्यावर संस्थेचा नोंदणी क्रमांक हवा, पावतीचा अनुक्रमांक हवा, रक्कम अक्षरी हवी, पैसे कशाबद्दल ते हवं आणि घेणाऱ्याची सही हवी. संघटना १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखालीही नोंदलेली आहे आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही. लेटरहेडवर दोन्ही क्रमांक दिमाखात छापलेत. तेच पावतीवर छापायला काय झालं?

खजिनदार सर पदार्थविज्ञानाचे. आजीव वर्गणी कोणत्या लेखाशीर्षाखाली धरली, असं विचारलं तर म्हणाले, "जमेला." जमेला धरली हे मलाही कळतं! आजीव वर्गणी कायम निधीत टाकायची, मुदत ठेवीत ठेवायची आणि तिच्या व्याजावर कारभार हाकायचा, ही साधी रीत. आमच्याकडे ती चहापाणी, हार-तुरे आणि हॉलच्या भाड्यात जाते. म्हणजे नवीन सभासद आले तर जुन्यांचा चहा, नाहीतर विकास निधी. घरी बायको म्हणते, दोन हजारांसाठी किती दिवस डोकं पिकवणार? आणि 'प्रश्न पैशाचा नाही, तत्त्वाचा आहे' असं काही मी म्हणणार नाही. प्रश्न दोन हजारांचाच आहे.

बाकी कार्यक्रमांचं थोडक्यात. पंच्याहत्तरी गाठलेल्यांना शाल-श्रीफळ, कोणाचं तरी व्याख्यान, कोजागरी. सहल माणशी बाराशे, खासगी बसने. सहलीतल्या कितीतरी जणांनी पंच्याहत्तरी ओलांडलेली. त्यांना २०२२ पासून एसटीत तिकीटच लागत नाही. ६५ ते ७५ वाल्यांना अर्धं तिकीट, बायकांना २०२३ पासून अर्धं. मी हे सभेत मांडलं. उत्तर मिळालं, एसटीत सरांचे गुडघे दुखतात.

मासिक सभेचा पहिला तास प्राध्यापकांचा. सुरुवात सातव्या वेतन आयोगाच्या ८ मार्च २०१९ च्या शासन निर्णयापासून. मग २०१३ चा परीक्षा बहिष्कार आणि त्यात अडकलेला ७१ दिवसांचा पगार, मग कुलगुरूंना दिलेली निवेदनं. आम्ही शिक्षकेतर मागच्या रांगेत. तिकडे सगळे 'सर' आणि 'मॅडम', आम्ही 'अहो लेखावाले'. मागण्यांच्या यादीत त्यांची पदोन्नतीची प्रकरणं पहिल्या पानावर, आमची आश्वासित प्रगती योजना, म्हणजे बढती न मिळालेल्याला वरची वेतनश्रेणी, शेवटच्या पानावर, तीही 'आयत्या वेळचे विषय' याच्या जरा वर. ज्यांचे फॉर्म आम्ही आयुष्यभर भरून दिले, त्यांची भाषणं आता निवृत्तीनंतरही ऐकायची.

इथपर्यंतचं मत पहिल्या काही महिन्यांचं. तेव्हा लिहिलं असतं तर 'पैसे वाया' एवढंच लिहून थांबलो असतो. ते बदललं बुधवारच्या पेन्शन कक्षामुळे.

कक्ष म्हणजे एक टेबल, दोन खुर्च्या आणि एक लोखंडी कपाट. तिथे आस्थापना विभागातून निवृत्त झालेल्या एक मॅडम आणि एका अनुदानित महाविद्यालयातले निवृत्त मुख्य लिपिक बसतात. मी गेलो होतो पावतीची तक्रार घेऊन. मॅडमनी तक्रार ऐकून घेतली, कागदावर लिहूनही घेतली, आणि मग विचारलं, "तुमची निवृत्तीची तारीख काय?" म्हटलं, ३० जून २०१७. "मग वेतनवाढीचा अर्ज दिलात का?"

भानगड अशी. सहाव्या वेतन आयोगापासून वेतनवाढीची तारीख १ जुलै झाली. ३० जूनला निवृत्त होणारा वर्षभर पूर्ण राबतो, आणि वाढ देय होते दुसऱ्या दिवशी, तेव्हा तो नोकरीत नसतो. सर्वोच्च न्यायालयाने ११ एप्रिल २०२३ रोजी कर्नाटकातल्या वीज पारेषण महामंडळाच्या प्रकरणात सांगितलं की वर्षभराच्या कामाची ती वाढ दिलीच पाहिजे. पुढे २० फेब्रुवारी २०२५ च्या आदेशाने स्पष्ट झालं की जे स्वतः कोर्टात गेले नव्हते त्यांना वाढीव पेन्शन १ मे २०२३ पासून मिळेल, त्याआधीची थकबाकी नाही. हिशेब सोपा आहे. शेवटचं मूळ वेतन समजा ६०,०००. तीन टक्के वाढ १,८००. पेन्शन निम्म्यावर, म्हणजे महिन्याला ९०० रुपये, त्यावर महागाई वाढ वेगळी. दोन हजारांची वर्गणी तीन महिन्यांच्या आत वसूल! सातव्या आयोगात १ जानेवारी ही दुसरी तारीख आली, त्यामुळे ३१ डिसेंबरला निवृत्त झालेल्यांनीही आपलं प्रकरण विचारून घ्यावं.

१ जूनवाल्यांनी मात्र आशेवर राहू नये. आपल्याकडे शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून ही जन्मतारीख सढळ हाताने वाटलीय. महिन्याच्या १ तारखेला जन्मलेला आदल्या महिन्याच्या अखेरीला निवृत्त होतो, म्हणजे ही मंडळी ३१ मेला बाहेर पडली आणि वर्षाला एक महिना कमी पडला. उलट १ जुलैचा जन्म असलेला ३० जूनला बाहेर पडतो आणि बरोबर नियमात बसतो. आमच्या विभागातले दोघेजण गुरुजींच्या नावाने अजून बोटं मोडतायत.

हे सगळं वर्तमानपत्रात येऊन गेलं होतं, असं कोणी म्हणेल. आलं असेल. पण सरकारी कर्मचाऱ्यांसाठीचा कागद विद्यापीठाला आणि अनुदानित महाविद्यालयांना आपसूक लागू होईलच असं नसतं. उच्च शिक्षण विभागाने हो म्हणायचं, मग सहसंचालक कार्यालय, मग वेतन पडताळणी, मग महालेखापाल, मग कोषागार. एकटा माणूस यातल्या दुसऱ्या टेबलावरच थकतो. मॅडमनी ३० जूनवाल्यांची यादी केली, सगळ्यांचे प्रस्ताव एका नमुन्यात बसवले आणि एकत्र दिले. माझाही त्यात आहे.

त्याच बुधवारी त्यांनी माझा पीपीओ उलटापालटा करून आणखी एक गोष्ट काढली. बायकोचं नाव पीपीओवर माहेरचं, आधारवर लग्नानंतरचं. कुटुंब निवृत्तिवेतन शेवटच्या पगाराच्या ३० टक्के. मी असेपर्यंत ही दुरुस्ती म्हणजे अर्ज आणि दोन पुरावे. मी गेल्यावर तीच बाई बँक, कोषागार आणि विद्यापीठ अशा तीन ठिकाणी 'मी तीच' हे सिद्ध करत फिरणार. लेखा विभागात इतकी वर्षं काढून लोकांची बिलं तपासली, पण हे पान कधी कोणी असं वाचून दाखवलं नव्हतं.

शेजारच्या खुर्चीवर एक निवृत्त शिपाईदादा होते. वेतननिश्चिती चुकली म्हणून निवृत्तीनंतर वसुलीचं पत्र आलेलं, हात थरथरत होते. मुख्य लिपिकांनी कपाटातून सर्वोच्च न्यायालयाच्या १८ डिसेंबर २०१४ च्या रफिक मसीह निकालाची प्रत काढली. तृतीय आणि चतुर्थ श्रेणीतल्यांकडून, तसंच निवृत्तांकडून अशी वसुली करता येत नाही, असं त्यात आहे. फक्त वेतननिश्चितीच्या वेळी 'जादा पैसे आले तर परत करीन' असं हमीपत्र दिलं होतं का, ते आधी विचारलं, कारण ते दिलेलं असलं की प्रकरण अवघड होतं. मग उत्तराचा मसुदा तिथेच बसून लिहून दिला. वकिलाने याचे किती घेतले असते, ते तुम्हीच ठरवा.

नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याचं शिबिर झालं. म्हातारपणी बोटांच्या रेषा झिजतात, ठसा यंत्रावर उमटत नाही. २०२१ पासून चेहरा दाखवून जीवन प्रमाण, म्हणजे ऑनलाइन हयातीचा दाखला, काढता येतं, आणि तिथली दोन मुलं ते भराभर करून देत होती. सोय चांगली, पण घरी नातवंडं असतील तर यासाठी सभासद व्हायची गरज नाही.

पुढे मलाच त्या टेबलाशी बसवलं, प्राप्तिकरासाठी. वेतन आयोगाची थकबाकी एकदम हातात पडते आणि कराचा टप्पा वर जातो. मार्च २०२६ पर्यंतच्या उत्पन्नावर १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याच्या कलम ८९ खाली सवलत मिळते, पण विवरणपत्राच्या आधी फॉर्म १०-ई ऑनलाइन भरायचा असतो. तो भरला नाही म्हणून कित्येक विद्वानांना नोटिसा आलेल्या. आता ते सर 'अहो लेखावाले, जरा बघता का' म्हणत रांगेत बसतात. याचा आनंद होतो, खोटं कशाला बोलू.

तिथे बसल्यावर पावतीचं गौडबंगालही उलगडलं. आधीचे खजिनदार वारले. नवी कार्यकारिणी निवडून आली. विश्वस्त कायद्याच्या कलम २२ प्रमाणे बदल अर्ज, म्हणजे पदाधिकारी बदलल्याची खबर, ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात द्यायचा असतो. यांनी तो उशिरा दिला आणि तो अजून मंजूर नाही. मंजुरीचा आदेश दाखवल्याशिवाय बँक सह्या बदलायला तयार नाही. खात्यात पैसे जातात, बाहेर येत नाहीत. म्हणून खजिनदार सर आपल्या नंबरवर पैसे घेतात आणि वहीत लिहितात. वही मी पाहिली. पै न् पै लिहिलेली आहे, अक्षर मोत्यासारखं आहे, आणि माझ्या दोन हजारांची नोंद तारखेसकट आहे. माणूस स्वच्छ आहे, यात शंका नाही. तरी पावती ती पावती. सर उद्या आजारी पडले तर वही कोण दाखवणार, आणि दाखवली तरी ती खरी कशावरून? छापखान्याचा दर मी स्वतः आणून दिला, अगदी किरकोळ खर्च. कार्यकारिणीने 'पुढील सभेत विचार व्हावा' असा ठराव केला, आणि तो ठराव तीन प्रतींत टाइप करून घेतला.

विकास निधी या बदल अर्जाच्या वकिलासाठी आहे, हेही मला टेबलावरच कळलं. मग निरोपात तसं लिहायचं होतं. वकिलासाठी म्हटलं असतं तर लोकांनी दिले असते. मी अजून भरलेले नाहीत. पावती पुस्तक आलं की भरीन, पहिल्या पानावर.

तेव्हा सभासद व्हावं का? पेन्शनचं काहीही अडलेलं असेल, निवृत्ती ३० जूनची असेल, जोडीदाराच्या नावात घोळ असेल किंवा वसुलीचं पत्र आलेलं असेल, तर आजच व्हा आणि थेट बुधवारी जा. मासिक सभेला नाही गेलात तरी काही बिघडत नाही. वेळ जावा, गप्पा व्हाव्यात एवढंच हवं असेल तर गल्लीतला ज्येष्ठ नागरिक संघ स्वस्त पडतो. आणि १ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा त्यानंतर नोकरीला लागलेल्यांसाठी इथे सध्या काहीच नाही. त्यांचं पेन्शनच वेगळं, त्यांचे प्रश्न या टेबलावरच्या कोणाला येत नाहीत. सभेत विषय काढला की सगळे छताकडे बघतात.

ताजी खबर: आमचे ३० जूनचे प्रस्ताव त्रुटी काढून परत आलेत. शेवटच्या वेतनवाढीच्या नोंदीचं सेवापुस्तकातलं पान साक्षांकित करून हवंय. सेवापुस्तकं विद्यापीठाच्या अभिलेख कक्षात आहेत, आणि कुठलं पुस्तक कुठल्या गठ्ठ्यात आहे ते सांगू शकणारे एकमेव गृहस्थ येत्या ३० जूनला निवृत्त होतायत. मॅडमनी त्यांचा सभासदत्वाचा फॉर्म आत्ताच भरून ठेवलाय.