थेरमिन आधी बांधायचा की टेप आधी कापायची?

रेडिओची खटपट करणाऱ्याला इलेक्ट्रॉनिक संगीत कुठून आलं हे शोधून त्यावर लिहायचं असेल तर वाटा दोन, आणि दोन्ही रेडिओतूनच निघतात.

पहिली थेरमिनची. 1920 च्या सुमारास रशियात लेव थेरमिनने केलेलं वाद्य. आत दोन ऑसिलेटर, म्हंजे ठराविक फ्रिक्वेन्सीचा सिग्नल तयार करणारी सर्किटं, समजा एक 500 किलोहर्ट्झवर स्थिर, दुसऱ्याला अँटेना, हात जवळ नेला की कपॅसिटन्स (विद्युतभार साठवायची क्षमता) अगदी जरासा बदलतो पण तेवढ्याने दुसरा 440 हर्ट्झने खाली सरकला की त्या फरकाचा सूर कानावर येतो. मोर्स ऐकताना बीएफओ (रेडिओतला असाच एक जादा ऑसिलेटर) फिरवून आपण शिट्टी काढतो ना, तीच ही! मला हे कळलं तेव्हा खरंच अंगावर काटा आला. त्रास एकच पण मोठा, दोन्ही ऑसिलेटरच्या फ्रिक्वेन्सी फार जवळ आल्या की ते एकमेकांना खेचून लॉक होतात आणि खालचे सूर गायब, माझे दोन रविवार नुसत्या शील्डिंगमध्ये, म्हंजे त्यांच्यात धातूचा आडोसा करण्यात गेले. पण रॉबर्ट मूगसुद्धा आधी थेरमिनच बनवून विकायचा, त्याचा सिंथेसायझर (इलेक्ट्रॉनिक सूर तयार करणारं वाद्य) 1964 चा, म्हणून ही वाट लांबपर्यंत जाते.

दुसरी टेपची, म्हंजे रेकॉर्ड केलेले आवाज कापून-जोडून संगीत करायची. 1948 ला पॅरिसच्या रेडिओत पिएर शेफरने रेल्वेचे आवाज घेऊन रचना केली, तेव्हा त्याच्याकडे टेपही नव्हती, तबकड्यांवरच केलं सगळं. पुढे कोलोन रेडिओ आणि बीबीसीच्या स्टुडिओत टेस्टिंगचे ऑसिलेटर आणि टेप. सेकंदाला 38 सेंटीमीटर वेग असेल तर अर्ध्या सेकंदाचा सूर म्हंजे 19 सेंटीमीटर तुकडा, पट्टीने मोजून कापायचा. वेग निम्मा केला की सूर एक सप्तक खाली. सोल्डरिंग नको, कॉम्प्युटरवरही जमतं, आणि लिहिणाऱ्याला इथे माणसं, स्टुडिओ, किस्से भरपूर.

फक्त लेखच हवा असेल तर टेप घ्या. पण कॉईल गुंडाळायची सवय असेल तर मी थेरमिनच म्हणेन, कारण सूर कुठून येतो ते तिथे हाताला कळतं.

ठरत नसेल तर मिडियम वेव्हचे दोन साधे सुपरहेट (आत स्वतःचा ऑसिलेटर असलेले) रेडिओ शेजारी ठेवा, आयएफ (आतली ठरलेली मधली फ्रिक्वेन्सी) 455 किलोहर्ट्झ असेल तर एक 600 किलोहर्ट्झला लावा, म्हंजे त्याचा आतला ऑसिलेटर 1055 वर चालेल, दुसऱ्यावर 1055 च्या आसपासचं स्टेशन पकडा आणि पहिल्याचं ट्यूनिंग हळूच हलवा. शिट्टी वर-खाली व्हायला लागेल.