इकॉनॉमेट्रिक्सचे प्रश्नसंच: एक्सेल की आर?

एम.ए. अर्थशास्त्राचं पहिलं सत्र सुरू झालं की इकॉनॉमेट्रिक्सचा (आर्थिक आकडेवारीवर संख्याशास्त्र वापरण्याच्या विषयाचा) पहिला प्रश्नसंच हातात पडतो आणि सोबत हा प्रश्नही येतो: तो एक्सेलमध्ये सोडवायचा की आरमध्ये? एक्सेल शाळेपासून हाताखालचं आहे. आर ही संख्याशास्त्रासाठीची प्रोग्रॅमिंगची भाषा. ते फुकट मिळतं, पण शिकावं लागतं. मी दोन्हींवर प्रश्नसंच सोडवले आहेत आणि आता मागून येणाऱ्या मुलामुलींना ते सोडवायला मदत करतो. त्या अनुभवावरून जे वाटतं ते लिहितो आहे. तुमचे विषय वेगळे असतील तर निर्णयही वेगळा होऊ शकेल.

आधी एक्सेलची बाजू, कारण ती खरोखर भक्कम आहे. मागणी-पुरवठा, आयएस-एलएम (व्याजदर आणि उत्पन्न यांचा समतोल दाखवणारं प्रतिमान) किंवा सोलोचं वृद्धी प्रतिमान समजून घ्यायचं असेल, तर बचतीच्या दरासारखा आकडा एका सेलमध्ये ठेवायचा, तो बदलायचा आणि आलेख सरकताना बघायचा. समतोल कुठून कुठे गेला हे असं डोळ्यांनी पाहिलं की फळ्यावरचं समीकरण एकदम कळतं. कॉब-डग्लस उपयोगिता फलनाचं महत्तमीकरण सॉल्व्हरने (सर्वांत मोठं किंवा लहान उत्तर शोधून देणाऱ्या एक्सेलच्या सोयीने) करून मग लाग्रांजच्या पद्धतीने हाताने पडताळणं हा तर मला आजही उत्तम अभ्यास वाटतो. आरमध्ये हे सगळं होतं, पण इतकं सहज हाताशी येत नाही. प्रकल्प मूल्यमापनाच्या गणितात एवढंच सांभाळा: एक्सेलचं एनपीव्ही (निव्वळ वर्तमान मूल्य) फंक्शन पहिली रक्कमसुद्धा एक कालावधी उलटल्यावरची धरतं. म्हणून सुरुवातीची गुंतवणूक सूत्राच्या बाहेर ठेवून वेगळी मिळवावी लागते.

लाख-कोटींचे स्वल्पविराम हाही एक्सेलच्या बाजूचा मुद्दा. १,२३,४५६ असं लिहिलेलं ते निमूटपणे संख्या म्हणून घेतं. आर ते शब्द समजतं आणि स्वल्पविराम काढून टाकल्याशिवाय बेरीज करू देत नाही. नवख्या माणसाची पहिली संध्याकाळ यातच जाते.

रिग्रेशनपाशी, म्हणजे एका चलावर इतर चलांचा किती परिणाम होतो ते मोजण्यापाशी, आलं की चित्र पालटायला लागतं. एक्सेलच्या ॲनालिसिस टूलपॅक या संख्याशास्त्राच्या जोड-सुविधेला सगळे स्वतंत्र चल शेजारशेजारच्या स्तंभांत लागतात, सोळाच्या वर चल चालत नाहीत, आणि मध्ये एखादा सेल रिकामा असेल तर ते कामच नाकारतं. निघालेला तक्ता गोठलेला असतो. मूळ आकडा दुरुस्त केला तरी तो बदलत नाही, सगळं पुन्हा चालवावं लागतं. रिग्रेशनचंच लाइनएस्ट हे फंक्शन आकड्यांबरोबर बदलतं, पण सहगुणक उलट्या क्रमाने देतं. शेवटच्या चलाचा सहगुणक आधी येतो. पगाराच्या रिग्रेशनमध्ये परीक्षेच्या घाईत शिक्षणाचा सहगुणक अनुभवाचा म्हणून लिहिला जाणं किती सोपं आहे, ते तुम्हीच बघा. हेटेरोस्केडॅस्टिसिटीचं (त्रुटींचा पसारा सगळीकडे सारखा नसण्याचं) प्रकरण सुरू झालं की त्या स्थितीतही चालणाऱ्या रोबस्ट प्रमाण त्रुटी लागतात आणि टूलपॅकमध्ये त्या नाहीतच. आरमध्ये साधं रिग्रेशन एका ओळीचं आहे, रोबस्ट त्रुटींसाठी सँडविच हे पॅकेज आहे. रिकाम्या नोंदी आर न विचारता वगळतं, पण किती वगळल्या ते निकालाच्या खाली छापतं. ती ओळ वाचायची सवय लावून घ्या.

तरीही एवढ्यावर मी एक्सेल सोडलं नसतं. माझा निर्णय झाला तो आर्थिक वर्षावरून.

एक्सेलच्या कोऱ्या सेलमध्ये २०११-१२ टाइप करून पाहा. ते डिसेंबर २०११ होतं. आत साठवलेली संख्या असते ४०८७८. आता २०१२-१३ टाइप करा, ते जसंच्या तसं राहतं, कारण तेरावा महिना नसतो. १९५०-५१ ला काही होत नाही आणि १९९९-२००० लाही नाही. म्हणजे स्वातंत्र्योत्तर काळाच्या लांबलचक मालिकेत २०००-०१ ते २०११-१२ ही नेमकी बारा वर्षं तारखा होतात आणि बाकीची मजकूर राहतात. राष्ट्रीय उत्पन्नाच्या मालिकेचं बरीच वर्षं पायाभूत वर्ष असलेलं २०११-१२ हेसुद्धा त्यातच सापडतं. सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी विभागलेली साधी मजकूर फाइल) नुसती दोनदा क्लिक करून उघडली तरी हे घडतं, आणि तशीच सेव्ह केली तर फाइलमधलं मूळ वर्षही जातं. नंतर स्तंभाला टेक्स्ट केलं की समोर ४०८७८ येतो. अशी फाइल वर्षं मजकूर म्हणून असलेल्या दुसऱ्या तक्त्याशी व्हीलूकअप या शोधून जुळवणाऱ्या फंक्शनने जोडली की त्या बारा वर्षांपुढे एनए (सापडलं नाही) दिसतं, वरची-खालची वर्षं मात्र नीट जुळतात, आणि मुलं आकडेवारीच अपुरी आहे असं समजून ती वर्षं गाळून पुढे जातात.

उपाय आहेत. फाइल इम्पोर्टच्या मार्गाने आणून तो स्तंभ आधीच टेक्स्ट ठरवता येतो, हाताने टाइप करताना पुढे अवतरणचिन्ह देता येतं. पण प्रत्येक फाइलला, प्रत्येक वेळी हे लक्षात ठेवायचं आणि गटातल्या चौघांनीही ठेवायचं, हे मला जमण्यासारखं वाटत नाही. भारतीय आकडेवारीवर काम करणाऱ्याला आर्थिक वर्ष टाळता येत नाही. आर फाइलमधलं २०११-१२ मजकूर म्हणून वाचतं आणि त्याला हात लावत नाही.

दुसरं कारण, काय केलं त्याची नोंद राहण्याचं. कारमेन रेनहार्ट आणि केनेथ रोगॉफ यांच्या २०१० च्या निबंधात सरकारी कर्ज जीडीपीच्या ९० टक्क्यांवर गेलेल्या देशांची सरासरी वाढ उणे ०.१ टक्का दाखवली होती. २०१३ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातला विद्यार्थी थॉमस हर्नडन आणि त्याचे प्राध्यापक मायकल ॲश व रॉबर्ट पोलिन यांनी ती २.२ टक्के काढली. फरकाचा मोठा भाग काही वर्षं वगळल्यामुळे आणि भारांकनामुळे होता, पण सरासरीच्या सूत्रात ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा आणि डेन्मार्कच्या ओळी राहून गेल्या होत्या, हेही त्यात निघालं. मूळ स्प्रेडशीट हाती आल्यावर ते कळलं. आरमध्ये कोणत्या ओळी घेतल्या ते कोडमध्ये लिहिलेलंच असतं. मार्गदर्शक ते वाचू शकतात आणि सहा महिन्यांनी तुम्हालाही आठवतं.

आरचे पहिले काही आठवडे अवघड जातात, हे खरं. लहान-मोठी इंग्रजी अक्षरं, कंस, न कळणारे संदेश. जिल्ह्यांची नावं देवनागरीत असतील तर विंडोजवर निदान ४.२ ही २०२२ ची आवृत्ती घ्या, त्याआधी अक्षरांची गडबड व्हायची. संगणकशास्त्राचा जोडविषय असेल आणि पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा आधीच येत असेल, तर मुद्दाम आरकडे वळायची गरज मला दिसत नाही. वर्षाचा प्रश्न तिथेही येत नाही.

तुमच्या अभ्यासक्रमात संख्यात्मक पेपर एकच असेल आणि तोही आलेखांपुरता, तर एक्सेल पुरेल. चौथ्या सत्रात प्रबंध असेल, तर आर पहिल्या सत्रातच सुरू करा असं मी सुचवेन. तेव्हाच्या प्रश्नसंचात वीस-पंचवीस नोंदी असतात, म्हणून आरने दिलेलं उत्तर कॅल्क्युलेटरवर ताडून बघता येतं. आणि उतरवून घेतलेली मूळ फाइल एक्सेलमध्ये उघडून सेव्ह करू नका. ती वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि आरला थेट तिथून वाचू द्या.